शेंदूर लागलेलं खोबरं

बाबा, दिवाळी होऊन गेल्यावर मी आपल्या शाळेच्या मागच्या पडवीत माकडं फाडली. शवविच्छेदन असा चांगला शब्द आहे त्याला, आणि कागदावर मी तोच लिहिते, पण तुमच्यासमोर कशाला सोवळ्यात बोलू. जिथं पावसाळ्यात तुम्ही सातवीचा वर्ग भरवायचात तिथंच, खताच्या रिकाम्या पोत्यांवर, ती ओळीनं मांडलेली होती. लाल तोंडाची, पंधरा-वीस तरी असतील, तोंडाला सुकलेला फेस. एका मादीच्या छातीला पिल्लू तसंच चिकटलेलं होतं, दोघंही गार. समोर मैदानात गाव भजनाला बसलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेंडूच्या माळा, नवं पांढरं कापड, आणि बँडवाले चिंचेच्या सावलीत तंबाखू मळत माझं आटोपायची वाट पाहत होते. माझं झालं की गाव त्यांना वाजतगाजत नेऊन मारुतीच्या देवळामागं पुरणार होतं. बाया खरंच रडत होत्या, ढोंग नव्हतं ते. मारुतीची लेकरं गेली म्हणून गावात चूल पेटली नव्हती. तुमच्या मयताला यांतलं कोणी आलं नव्हतं, हे मला हातमोजे चढवताना आठवलं, आणि ते तसंच गिळून मी कामाला लागले.

तुम्हाला हे सगळं नवीन असेल. तुम्ही गेलात तेव्हा मी इंटरला, बारावीच्या वर्गात होते. पुढं जनावरांची डॉक्टर झाले, आदिलाबादेत राहते, आणि आपल्या गावचा डॉक्टर बदलून गेल्यापासून ते गावही माझ्याकडं जोडून दिलंय. आई वस्तीतच राहत होती, तुमच्या त्याच दोन खोल्यांत. तुमच्या वेळेला लाल तोंडाची एखादी टोळी मारुतीच्या पिंपळावर असायची, आता गावात माणसांपेक्षा तीच जास्त दिसतात. जंगल राहिलं नाही, आणि रस्त्यावर गाड्या थांबवून लोक त्यांना केळी फेकतात, त्याची चटक लागली. हरभरा, भुईमूग, मका पेरणं गावानं सोडून दिलं. कपाशीची कच्ची बोंडंसुद्धा तोडून टाकतात. सरपंचाची म्हातारी आई गच्चीवर मिरच्या राखत बसली होती, माकडं अंगावर आली, मागं सरकता सरकता ती खाली पडली आणि गेली. मग पंचायतीनं माकडं धरणारं एक जोडपं आणलं. नवरा-बायको, दोन पिंजरे, एक तान्हं पोर. भैंसा गावाकडच्या जिनिंगच्या आवारातली माकडं त्यांनीच धरली होती म्हणे. केळी आणि शेंगदाणे टाकून ते धरायचे, लांब रानात नेऊन सोडायचे, आणि माकडं त्यांच्या आधी गावात परत हजर. मग एका रविवारी सकाळी देवळाभोवती ही अशी पडलेली सापडली, तेव्हा कोणाला विचार करायची गरजच पडली नाही. धरायला जमेना म्हणून त्या दोघांनी विष घातलं, असं ठरलं. पोरांनी नवऱ्याला त्याच्याच पिंजऱ्याच्या दांड्यानं मारलं. पोलिसांनी दोघांना ठाण्यात नेऊन बसवलं, आणि तिथल्या साहेबानं मला फोनवर सांगितलं की मॅडम, तुम्ही काय लिहिता त्यावर पुढचं. विष केळ्यात नाहीतर शेंगदाण्यात निघालं की जोडपं आत.

हाडामांसाची ही ओळख तुम्हीच करून दिलीत, म्हणून तुम्हालाच सांगते आहे. चहाचं ते लाकडी खोकं आठवतं का? त्यात गाय, शेळी, कुत्रं, मांजर यांच्या कवट्या आणि कापसात गुंडाळलेलं वटवाघळाचं एवढंसं डोकं. ती तुम्ही हाडोळ्यातून वेचून आणायचात, जिथं गावातली मेलेली ढोरं टाकतात. आजोबांच्या पिढीनं शपथ घेऊन ढोरं ओढायचं काम सोडलं होतं. त्यासाठी गावाचा मार खाल्ला होता, उपास काढले होते. आणि त्यांचाच शिकलेला मुलगा पांढरा शर्ट घालून सायकलच्या कॅरियरला कवट्या बांधून येतो, हे वस्तीला कसं पचावं? वस्तीतले म्हातारे तुमच्याशी बोलेनासे झाले होते. रानात सापडलेलं मेल्या वानराचं डोकं तुम्ही घरी आणलंत, तो दिवस तर मला आत्ता चालू असल्यासारखा दिसतो. मागच्या दारी तीन दगडांची चूल, तिच्यावर आईचं वरणाचं जर्मनचं पातेलं, पाण्यात धुण्याचा सोडा, आणि उकळीबरोबर वर येणारे डोळ्यांचे दोन खड्डे. आई नळावरून येते, घागर खाली ठेवते, पातेल्यात पाहते. "सासऱ्यानं शपथ घेऊन सोडलं, अन् तुमी चुलीवर मांडलं?" तुम्ही म्हणता, "अवं, ते पोटासाठी ओढत होते. मी शिकवाले आनलं." आई म्हणते, "वास तं तोच येऊन राह्यला ना." तुम्ही डोकं काढून घेतलंत. पातेलं तिनं नाल्यात फेकलं, आणि पुढच्या बाजारापर्यंत आपण मडक्यात शिजवलेलं वरण खाल्लं.

मी तुमच्याच वर्गात होते, शाळेत सर म्हणायचं आणि घरी बाबा, आणि दोन्हीकडं बोलणी खायची. एकदा तुम्ही मला पडवीत ती डोकी मांडायला सांगितलीत. मी लहानापासून मोठ्यापर्यंत छान ओळ लावली, वटवाघूळ या टोकाला आणि गाय त्या टोकाला. तुम्ही एका हातानं ती विस्कटून टाकलीत. "हे बाजारातलं लावणं झालं. लहान-मोठं, काळं-गोरं, हे सगळं वरवरचं. कातडं काढून आणलंय ना मी? मग आता तरी आत पाहा." सगळ्या वर्गासमोर. मला इतका राग आला की त्या दुपारी मी तुमच्यासोबत डबा खाल्ला नाही. मग तुम्ही सांगत गेलात. गाईच्या वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात, शेळीच्याही नसतात, म्हणून त्या दोघी जवळच्या. कुत्र्या-मांजराचे सुळे आणि कात्रीसारख्या दाढा, ते वेगळे. वटवाघूळ उडतं खरं, पण त्याला दात आहेत, अंगावर केस आहेत, आणि ते पिल्लाला दूध पाजतं, म्हणून त्याला पाखरांत बसवणाऱ्याच्या हातावर पट्टी. शेवटी वानर. डोळे समोर, नखं चपटी, अंगठा बोटांच्या समोर येणारा, छातीवर दोनच स्तन, आणि जबड्याच्या एका अंगाला पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन. "आता असे अजून कोणाचे असतात, ते मोजा."

आणि तुम्ही वर्गाच्या जोड्या लावल्यात. आपले दात आपण मोजायचे नाहीत, समोरच्याचे मोजायचे, बोट घालून, कारण स्वतःचं मोजताना माणूस लबाडी करतो. जोड्या तुम्ही मुद्दाम तशा लावल्या होत्या का, हे मी कधी विचारलं नाही. पाटलाच्या मुलासमोर मी होते. वस्तीतल्या पोरीचं बोट पाटलाच्या पोराच्या तोंडात. त्यानं आ केला, मी मोजत गेले, त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला आणि माझ्या बोटाला लाळ लागली ती मी परकराला पुसली. मग त्यानं माझे मोजले. दोघांच्याही शेवटच्या दाढा अजून यायच्या होत्या, बाकी सगळं वानराशी जुळलं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, नरवानर गण, आणि त्याखाली पहिलं नाव माणूस. मला वाटतं तो तुमच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा तास असावा. तुम्ही खडू धरून नुसते उभे होतात, आणि आम्ही सगळे एकमेकांसमोर तोंडं उघडून बसलो होतो.

पाटील संध्याकाळी चार माणसं घेऊन आले. बोटाचं कोणीच उघड बोललं नाही, ते बोलायला कायदा आडवा येतो. सगळा कालवा कवटीवर झाला. मारुतीचं डोकं चुलीवर शिजवलं. नर अन् वानर एका दावणीला बांधले. आमच्या लेकरांना माकडं म्हणतो. हेडमास्तर खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी गावानं ती कवटी फुलांत ठेवून वाजतगाजत देवळामागं नेली आणि खड्डा तुम्हाला खणायला लावला. नारळही तुम्हीच फोडायचा, पण पायरीच्या खाली उभं राहून. तुम्ही खणलात. मी आईच्या मागं उभी होते. तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर ओल्या मातीचा डाग होता, आणि तो पुसायला कोणी पुढं झालं नाही. मग तुमची बदली मंचेरियलला झाली. तिथं कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची तेलुगू बोलणारी मुलं. तुमचं मराठी आणि तुमचं खोकं, दोन्ही तिथं बिनकामाचं. पंधरा दिवसांनी एकदा बसनं यायचात, दर खेपेला थोडं कमी बोलायचात. शेवटी त्या भाड्याच्या खोलीत छातीत कळ आली, आणि शेजाऱ्यानं सकाळी दार ढकललं तेव्हा कळलं. दात मोजायच्या एका तासापायी हे झालं, आणि मी त्यासाठी गावातल्या कोणालाच माफ केलेलं नाही. हे इथंच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

तर पडवी. पहिल्या तीन-चार माकडांची पोटं उघडली. कपाशीत टाकतात त्या दाणेदार औषधाचा उग्र वास, मास्कमधूनही घशाला झोंबणारा. पण खाल्लेलं सगळं आंबून एक झालेलं, ते केळं होतं की आणखी काही ते कळेना. माझा अटेंडर म्हणाला, "मॅडम, केळंच असन. लिहा ना, भजनवाले कटाळून राह्यले." तेव्हा मला तुम्ही आठवलात. एका शनिवारी आख्खा वर्ग घेऊन तुम्ही देवळासमोर उभे होतात, आपण पायरीच्या खाली आणि बाकीची पोरं वर, आणि तुम्ही पिंपळाखाली हरभरे फेकत होतात. काळ्या तोंडाचं वानर आलं, बसलं, तिथंच चावून खाऊ लागलं. लाल तोंडाचं आलं, दोन्ही गाल टम्म भरले आणि पळालं. वानराच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात, ते पाला खातं आणि पोटात मुरवतं, असं तुम्ही सांगितलंत. लालतोंड्याच्या पोटात ते नसतं, त्याच्या गालात पिशवी असते. "ही भित्र्याची शिदोरी," तुम्ही म्हणालात. "आधी भरायचं, मग पळायचं, अन् जीव वाचला तर मग खायचं."

मी सगळ्यात मोठ्या नराच्या गालावर बाहेरून अंगठा दाबला. टणक लागलं. चिमट्यानं बाहेर काढलं तर भिजवलेले हरभरे, गुळाचा चिकटा, औषधाचे चार दाणे आणि खोबऱ्याचे तुकडे. खोबऱ्याच्या पाठीवर शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर लाळेनं जात नाही, तो तसाच भगवा होता. दुसऱ्याच्या गालात तेच निघालं, तिसऱ्याच्या गालात तेच. केळ्याचा किंवा शेंगदाण्याचा पत्ताच नव्हता. पिल्लाच्या गालात काहीच नव्हतं, त्याला अजून दुधाशिवाय काही ठाऊक नव्हतं. शेंदूर लागलेलं खोबरं कुठून येतं हे आपल्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. शनिवारचा नैवेद्य आधी मूर्तीच्या पायाला लावतात आणि मग पिंपळाखाली माकडांना घालतात. देवाला न दाखवता त्यांना घास द्यायचा नाही, ही गावची पद्धत, आणि ती आजपर्यंत मोडलेली नाही. त्या बाहेरच्या माणसाला तर गाभाऱ्याजवळ कोणी फिरकू दिलं नसतं. म्हणजे मारतानाही गावानं पद्धत पाळली होती. आधी नैवेद्य दाखवला आणि मग त्यात औषध कालवलं. "काय झालं मॅडम?" अटेंडर माझ्या तोंडाकडं पाहत होता. मी काही नाही म्हटलं आणि खोबरं बाटलीत घालून बाटलीला लाख लावली.

नळावर हात धूत होते तेव्हा सरपंच आला. सरपंच म्हणजे तोच, ज्याची लाळ माझ्या बोटाला लागली होती. आता पोट सुटलंय, डोक्यावरचे केस गेलेत. "मॅडम, पोटातलं लिहा. गालातलं काऊन लिहिता?" मी विचारलं, गालात काय होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? खाई त्याला खवखवे. तो खांद्यावरचा पंचा हातात घेऊन पिळत राहिला. "माही माय गेली. पाहाले कोनी आलं? फॉरेस्टवाला आला नाई, कलेक्टर आला नाई. दरखास्ती देऊ देऊ हात थकले. मंग गावानं बसून ठरवलं." मी म्हटलं, "मग नैवेद्य कशाला दाखवलात?" त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "देवाले दाखवल्याबिगर त्याच्या लेकरायले घास कसा द्याचा? इतके का खराब हाओत आमी? देवाच्या म्होरं ठेवलं. त्यानं पाह्यलं. नाई म्हनला नाई." त्याचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, बाबा, आणि तेच मला सहन झालं नाही. मी विचारलं, "आणि त्या माणसाला मारलं त्याचं काय?" "तो कोन हाय? बाहेरचा. दोन दिस आत राहीन, सुटून जाईन. गावाले तं इथंच राहा लागते." मग आवाज खाली आणून, "तुमची मायबी इथंच राह्यते ना वस्तीत. एकलीच हाय." आणि निघता निघता चक्क हसून म्हणाला, "तुमी माह्या तोंडात बोट घातलं होतं, याद हाय का?" मी म्हटलं, आहे.

ट्रॉली निघाली. बँड सुरू झाला. मी वस्तीत आईकडं गेले. तिनं चहा केला. बँडचा आवाज लांब गेला. मग मी तिला सगळं सांगितलं, खोबरं, शेंदूर, सरपंचाचं बोलणं. ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "नको लिहू. तुह्या बापानं दात मोजले, काय भेटलं त्याले? खड्डा खनला अन् परमुलखात मेला." मी म्हटलं, "आई, ते दोघं आत जातील." "जाऊ दे ना बाई. आपल्यासाठी कोन आत गेलं होतं?" आणि मग तिचं नेहमीचं वाक्य, "बापावर गेली तू." हे ती मला लहानपणापासून रागावूनच म्हणत आली आहे. अंगणातला मेलेला सरडा मी काडीनं उलटा करून पाहिला तेव्हा म्हणाली होती, आणि नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हाही.

तिथून मंडलाच्या गावी, तिथल्या ठाण्यात गेले, बाटल्यांवर साहेबाची सही घ्यायची होती. आवारात लिंबाच्या झाडाखाली ती बाई पोराला पाजत बसली होती. नवरा भिंतीला टेकून, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कोणाचा हात सांभाळतोय. ती मला पाहून उठली. "डाक्टरनी, तुम जनावर के डाक्टर है ना? इनका अंगूठा देख लेव. दवाखाने को लेके जाते बोले, कोई लेके नई गया." मी म्हटलं, माणसाला मी हात लावू शकत नाही, माझ्या कामात ते बसत नाही. ती म्हणाली, "हड्डी तो वहीच है ना, माँ." अंगठा मुळाशी मोडला होता, काळानिळा, फुगून दुप्पट झालेला. पोरांनी त्याचा हात पिंजऱ्याच्या गजावर ठेवून नेमका अंगठा ठेचला होता. आता धर माकडं, असं म्हणून. गाडीत वासरांचे पाय बांधायच्या पट्ट्या होत्या, त्या कापून मी त्याला आधार दिला. अंगठ्याचं टोक बोटांच्या टोकांना लावून पाहायला सांगितलं. त्यानं दात आवळून प्रयत्न केला. अंगठा जागचा हललाच नाही. "पिंजरे का खटका कैसा खींचूंगा?" त्यानं बायकोला विचारलं, मला नाही. अंगठा समोर येतो म्हणून हाताला हात म्हणायचं, नाहीतर तो पंजा, असं तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं. मी साहेबाला ओरडून त्या माणसाला जीपमध्ये घालायला लावलं. माझा आवाज असा चढू शकतो हे मलाही नवीन होतं.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला, पण शेंदूर हा शब्द मुद्दाम तेलुगू अक्षरांत लिहिला, कारण इंग्रजीत तो नुसता रंग होऊन बसतो. वरून फोन आला, खोबरं लिहिलंय ते पुरे, शेंदूर कशाला. मी तो काढला नाही. जोडपं सुटलं. त्यांचे पिंजरे गावानं आधीच मोडून टाकले होते, आणि तो अंगठा आता आयुष्यभर वाकणार नाही, असं सरकारी दवाखान्यात सांगितलं. गावातल्या कोणाला धरलं नाही, कागदावर विष अज्ञात इसमांनी घातलं. देवळामागं माकडांचा सिमेंटचा ओटा झाला आहे, त्यावर सरपंचाच्या आईचं नाव आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो, पण एक संन्यासी सुटला तर गाव दुसरा शोधतं. ऐन वेचणीत वस्तीतल्या बायांना कापूस वेचायला बोलावणं बंद झालं. कोणी काही बोललं नाही, नुसतं सकाळी बोलवायला येणं थांबलं. मग वस्ती आईशी बोलेनाशी झाली, जशी एकदा तुमच्याशी झाली होती. शेजारीण तिच्या तोंडावर म्हणाली, तुही पोरगी पगार घेते, आमी काय खाचं? मी आईला इथं आदिलाबादला घेऊन आले. तुमच्या दोन खोल्यांना कुलूप आहे.

काल ती भाकऱ्या थापत होती आणि मी तिच्याशेजारी ताट घेऊन बसले होते. तव्यावर भाकरी टाकून, माझ्याकडं न पाहताच ती म्हणाली, "बापावर गेली तू." मी नेहमीच्या रागाची वाट पाहिली, तो आला नाही. "त्या अंगठेवाल्यासाठी लिहिलं तू. तुह्या बापानंबी लिहिलं असतं," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले, धुरानं असेल असं म्हणायला इथं गॅस आहे. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल ती पहिल्यांदा अशी बोलली. तुम्हाला ते कळावं म्हणून हे लिहायला बसले खरी, पण मग बाकीचंही लिहावं लागतं. खोबऱ्याच्या तुकड्यावर शेंदूर दिसला तेव्हा, बाबा, मला आनंद झाला होता. त्या मादीच्या आणि तिच्या पिल्लाच्या शेजारी उकिडवं बसून. त्या माणसाचा अंगठा तेव्हा मी पाहिलाही नव्हता, तो माझ्या मनातही नव्हता. सापडले गाववाले, एवढंच मनात आलं. तुमच्या शर्टावरचा मातीचा डाग दिसला. हे पत्र आईच्या हाती लागू नये म्हणून दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटात ठेवीन. तिला वाचता येतं, तुम्हीच शिकवलं होतं. काल डोळे पुसून ती माझ्याकडं पाहू लागली. त्या आनंदाचं मी तिला सांगितलं नाही. गालात घास होता.